सातव्या पेटीतलं पान

फेर्लिएर, ११ नोव्हेंबर १७९१
संत मार्तँचा दिवस

पेरीन,

तू उत्तर देणार नाहीस हे मला ठाऊक आहे. गाडीत बसताना तू बापाच्या तोंडाकडे पाहिलं नाहीस, तर त्याच्या कागदाकडे काय पाहणार! पण चादरींचं कपाट सांभाळणारी आपली बार्ब गेले तीन आठवडे माझं डोकं खाते आहे. "लिहा की हो पोरीला दोन ओळी. झाडांशी तासन्‌तास बोलता, आणि पोटच्या पोरीशी बोलायचं म्हटलं की जीभ झडते का?" तिची कटकट थांबावी म्हणून लिहितो आहे, असंच समज.

तर हिवाळ्यासाठी नारिंगाची झाडं आत घेतली. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस लाकडी पेट्या, झाडांसकट, काचेच्या नारिंगघरात जाऊन बसल्या. हवेलीच्या सूनबाई मादाम तुला घेऊन परदेशी गेल्यापासून हवेलीतली निम्मी माणसं पांगली आहेत. एका पेटीला चार माणसं लागतात, मला तीनच मिळाली, चौथा मी. पाठ अजून सरळ होत नाही. तुझी सात नंबरची पेटी दक्षिणेच्या तिसऱ्या खिडकीपाशी ठेवली, नेहमीच्या जागी. तिच्यावर नऊ फळं आहेत, आणि पोर्तुगालच्या कलमाला शोभेल अशी गोड होणार आहेत.

परवा पानं पुसताना तुझी आठवण आली. सात वर्षांची होतीस. हवेलीचे धनी, थोरले मार्की, पाहुण्यांसमोर तुझ्या डोळ्यांवर रुमाल बांधायचे आणि हातात एकेक पान द्यायचे. तू नुसतं बोटांनी चाचपून झाड कुठलं ते सांगायचीस. एकदाही चुकली नाहीस. मार्की म्हणायचे, "सिल्व्हँ, ही पोरगी तुझी नोकरी खाणार." मला कोण आनंद व्हायचा, पण मी तो दाखवला नाही. ते माझ्या स्वभावातच नाही.

आता पाद्रीबाबांचं. तू जाताना जे बोललीस ते मी विसरलो नाही. नव्या सरकारची शपथ घेत नाहीत म्हणून त्यांना गावाबाहेर काढलं, त्या दिवशी चर्चमध्ये चाळीस माणसं होती, मी चर्चचा पंच होतो, आणि मी मूग गिळून बसलो. हे सगळं खरं. तू म्हणालीस, "सगळे तुमच्या तोंडाकडे पाहत होते, बाबा. एकाने बोलायला सुरुवात केली असती तर बाकीचे बोलले असते. ज्या दिवशी तुम्ही तोंड उघडाल ना, त्या दिवशी मी परत येईन."

मी काय बोलणार होतो, पोरी? मी माळी आहे. झाडाला पाणी कधी द्यायचं एवढं मला कळतं. पण नऊ फळं आहेत, आणि ती खायला इथे कुणी नाही. एवढं सांगायचं होतं.

तुझा बाप,
सिल्व्हँ

∗

फेर्लिएर, १५ मे १७९२

पेरीन,

काल झाडं बाहेर काढली. तू नव्हतीस म्हणून सांगतो, नाहीतर यात सांगण्यासारखं काही नाही. गारठ्याचे तीन संत, मामेर, पाँक्रास आणि सर्व्हे, अकरा-बारा-तेरा तारखेला आपापली थंडी घेऊन येऊन गेले. चौदाला सकाळी दार उघडलं. थोरले मार्की होते तेव्हा किल्ली ते स्वतः फिरवायचे, एक पेला दारू प्यायचे, आणि पाद्रीबाबा पेट्यांवर तीर्थ शिंपडायचे. या वर्षी मार्की कबरीत, पाद्रीबाबा कुठे आहेत ते देवाला ठाऊक. किल्ली बार्बने फिरवली. पेलाही तिनेच प्यायला. म्हणाली, "रीत मोडायला नको."

तुला आठवतं, एका वर्षी मार्कींना बिशपसाहेबांची मेजवानी झाडांखाली करायची होती, दहा तारखेला? मी सरळ सांगितलं, सर्व्हे उलटल्याशिवाय एक पेटी उंबऱ्याबाहेर जाणार नाही. मार्की तणतणले आणि मग ऐकलं. बारा तारखेला सकाळी कोबी काळा पडला होता. त्या वेळी मी बोललो होतो. म्हणजे मला बोलताच येत नाही असं काही नाही.

लढाई सुरू झाली आहे. सरहद्दीपलीकडे पत्र पाठवणं आता धोक्याचं झालं आहे असं बोटवाला म्हणतो. हेही तो नेईल की नाही कोण जाणे. अंगावर गरम कपडे घाल.

सिल्व्हँ

∗

फेर्लिएर, १४ ब्र्युमेर, प्रजासत्ताकाचं चौथं वर्ष
(तुमच्याकडे ५ नोव्हेंबर १७९५ असेल)

पेरीन,

तुझं पत्र मिळालं. चार वर्षांनी आलेलं पहिलं पत्र, आणि त्यात ओळी तीन! "मादाम बऱ्या आहेत. आम्ही हाम्बुर्गला असतो. हवेली उभी आहे का आणि झाडं आहेत का, ते मादामना कळवावं." कळवावं! सरकारी कारकुनानेसुद्धा याहून गोड लिहिलं असतं. मी ते बार्बला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बापावर गेली आहे." तरी तो कागद मी टोपीच्या अस्तरात ठेवला आहे.

मधल्या काळात मी का लिहिलं नाही, हे तुला कळलं असेल. परदेशी गेलेल्यांना पत्र लिहिलं तर इकडे मान जायची. आता वारा पडला आहे. नाँतहून गलबतं सुटतात, त्यांतला एक खलाशी माझ्या ओळखीचा आहे.

हवेली उभी आहे. आपला फुल्जाँस नालबंद गावाच्या समितीचा अध्यक्ष झाला आणि त्याने दप्तर हवेलीतच थाटलं. आठ दिवसांत राजाच्या खोलीत झोपायला लागला. मार्कींनी ती खोली राजा कधीतरी मुक्कामाला येईल म्हणून सजवली होती, आणि बार्ब चाळीस वर्षं दर शनिवारी तिथली चादर बदलत आली. राजा काही आला नाही, फुल्जाँस आला. तिसऱ्या सकाळी खाली उतरला तो अंगभर ढेकूण चावलेला. बार्ब म्हणाली, "चाळीस वर्षांचे उपाशी होते रे बिचारे." तो स्वतःच हसत सुटला, म्हणून ती वाचली.

त्या दिवसांत 'अहो' म्हणायला बंदी होती. सगळे नागरिक सारखे, तेव्हा सगळ्यांना अरे-तुरे. फुल्जाँसला मी तो शेंबडा होता तेव्हापासून अरेच म्हणत आलो, त्यामुळे माझी पंचाईत नव्हती, त्याचीच होती. मला 'तू' म्हणताना त्याची नजर जमिनीकडे जायची. बार्बने तर वर्षभर कुणाला हाकच मारली नाही. कुणाला बोलवायचं झालं की खोकायची.

गेल्या साली हवेली सरकारने विकली. तूर शहरच्या बुर्नाश नावाच्या कातडीवाल्याने घेतली. वाईट माणूस नाही, पण वास फार. मला कामावर ठेवलं आहे.

झाडांचं विचारतेस, म्हणजे मादाम विचारतात. झाडं उत्तम आहेत. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस. तुझं सात नंबरचं तर असं फोफावलं आहे की काय सांगू. पुरावा म्हणून त्याचं एक पान कागदाच्या घडीत ठेवलं आहे. मादामना दाखव.

तुझा बाप,
सिल्व्हँ

∗

फेर्लिएर, १२ जेर्मिनाल, पाचवं वर्ष
(१ एप्रिल १७९७)

पेरीन,

मादाम हवेलीचा इतिहास लिहायला बसल्या आहेत आणि तू त्यांची लेखनिक, हे वाचून बरं वाटलं. परक्या गावात हिवाळा लांब असतो, काहीतरी हवंच हाताला. तुझे अकरा प्रश्न मिळाले. या वेळी पत्र दीड पानाचं आहे, त्यातलं माझ्यासाठी काही नाही, पण अक्षर तुझंच आहे.

हवेली कुणी बांधली ते मादामना ठाऊक आहे. कशी बांधली ते मी माझ्या बापाकडून ऐकलं, तो पायाचे दगड वाहायला होता. साल १७३८. आधी इथे चार बुरुजांची जुनी गढी होती. मार्की तरुण होते, नुकतेच पॅरिसहून आलेले, गढीत त्यांना कोंदट वाटायचं. तीन बुरुज पाडले, चौथा कबुतरांसाठी ठेवला. पॅरिसहून मोठा बांधकामवाला आणला. त्याने खिडक्या दोन्हीकडे अगदी सारख्या बसवल्या, जिने असे केले की बायकांचे झगे कुठे अडकू नयेत, आणि स्वयंपाकघर इतकं लांब नेलं की या हवेलीत पन्नास वर्षांत कुणी गरम सूप प्यायलं नाही. वाढपी पळायचे, तरी साय धरायचीच. मार्की म्हणायचे, "मोठ्या घरात जेवण गारच असतं. गरम जेवायचं असेल तर सिल्व्हँकडे जावं." आणि यायचेही. आपल्या चुलीपाशी बसून कांद्याचं सूप ओरपताना तू त्यांना पाहिलं आहेस.

छप्पर पुरं व्हायच्या आधी त्यांनी नारिंगघर पुरं केलं, हे लिहायला मादामना सांग. माणसं दोन हिवाळे तंबूसारखं कापड बांधून राहिली, झाडं मात्र काचेआड.

कबुतरांचंही लिही. ती गावाचं पेरलेलं बी टिपायची आणि गावकऱ्यांनी एकाला दगड मारला तरी दंड. म्हणून १७८९ साली लोक आले ते आधी बुरुजावर गेले. मार्कींचे जुने कागद अंगणात जाळले, सगळी कबुतरं मारली, आणि आठ दिवस अख्ख्या गावात कबुतराच्या रश्श्याचा वास होता. मार्कींनी दारूचं पिंप उघडून दिलं. मला म्हणाले, "त्यांचंच धान्य आहे रे ते, पिसं लावलेलं." चांगला माणूस होता, फक्त हे त्यांना पन्नास वर्षं उशिरा सुचलं.

सात नंबरच्या पेटीबद्दल मादामनी विचारलेलं नाही, तू विचारलं आहेस. मी कधी नीट सांगितलं नाही, तर आता सांगतो. या घरात मूल जन्मलं की मी एक कलम बांधायचो. आंबट नारिंगाचा खुंट, त्यावर पोर्तुगालच्या गोड झाडाची काडी. १७७१ च्या मार्चमध्ये मादामना मुलगा झाला, आणि त्याच आठवड्यात तू झालीस. तो नऊ दिवस जगला. मादाम तेव्हा एकोणीस वर्षांच्या, त्यांचा नवरा पुढच्याच वर्षी गेला, पुन्हा मूल नाही. मी ते कलम उपटून टाकू का म्हणून विचारायला गेलो. मार्की पेटीवरची शिशाची पाटी हातात घेऊन बसले होते. नातवाचं नाव त्यांनी स्वतः खरवडून काढलं होतं. म्हणाले, "झाडाला नाव जिवंत माणसाचं असावं. तुझ्या पोरीचं नाव काय ठेवलंस?" दर वर्षी पहिलं फळ मादाम तुला स्वतःच्या हाताने सोलून द्यायच्या, ते यामुळे. हे त्यांना वाचून दाखवू नकोस. किंवा दाखव, त्यांना ठाऊकच आहे.

शेवटचा प्रश्न. १७९४ च्या वसंतात हवेलीत काय घडलं? काही घडलं नाही. नेहमीसारखा वसंत.

मादामना सात नंबरचं आणखी एक पान हवं आहे म्हणतेस. ठेवलं आहे. यंदा फळं बरी आली.

सिल्व्हँ

∗

फेर्लिएर, ३ मेसिदोर, सातवं वर्ष
(२१ जून १७९९)

पेरीन,

वाईट बातमी आधी सांगतो. पूर्वेकडची बाजू पाडली. बुर्नाशला छपराचं शिसं हवं होतं. शिसं गेलं की पाऊस आत येतो, पाऊस आला की तुळया कुजतात, मग पाडण्यावाचून गत नाही. तो म्हणाला, "सिल्व्हँ, तू रडशील म्हणून तुला सकाळपासून दुसरीकडे पाठवलं होतं." मी रडलो नाही. मादामच्या पुस्तकासाठी कुठे काय गेलं ते पाहून ठेवलं. जिन्याचे दगड गिरणीला. बैठकीतला आरसा नदीकाठच्या खाणावळीत. आता त्यात बोटवाले दाढ्या करतात. संगमरवरी चौकट फुल्जाँसच्या भट्टीला. तो आता अध्यक्ष नाही, पुन्हा नाल ठोकतो, आणि त्या चौकटीत उभा राहून ठोकतो. मला पाहिलं की हातोडा थांबवतो आणि टोपी काढतो.

राजाची खोली पश्चिमेला होती, ती अजून आहे. बार्ब मात्र गेली. फेब्रुवारीत, छातीत कफ होऊन. शेवटच्या शनिवारीही जिना चढून चादर बदलून आली होती. तीच चादर आम्ही तिच्यावर घातली. राजासाठी ठेवलेली चादर, त्यातल्या त्यात चांगली हीच. मला फार एकटं वाटतं, पेरीन. कटकट करायला कुणी राहिलं नाही.

जाण्याआधी ती मला म्हणाली, "सिल्व्हँ, कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही." म्हातारीला ताप होता, काय बोलत होती कोण जाणे.

नारिंगघर उभं आहे. बुर्नाश तिथे कातडी वाळत घालतो. झाडं एका बाजूला आहेत. उत्तम आहेत. तुझ्या झाडावर या वर्षी बारा फळं धरली. पान ठेवलं आहे. मादामना दर पत्राला पान हवं असतं, हौशी आहेत.

सिल्व्हँ

∗

फेर्लिएर, १२ ऑक्टोबर १८०२
(नवी तारीख लिहीत नाही, कुणाला हवी असेल त्याने मोजावी)

पेरीन,

तुझं पत्र परवा आलं. परदेशी गेलेल्यांना माफी मिळाली, हिवाळा सरला की मादाम परत येणार, तू त्यांच्याबरोबर येणार. आणि पुढची ओळ: "मादाम म्हणतात, हवेली पडली असेल तर पडो. सात नंबरच्या झाडाखाली एकदा बसायचं आहे."

दोन दिवस मी तो कागद घेऊन नारिंगघरात बसलो आहे. तिथे बसून हे लिहितो. कातड्यांचा वास येतो, कागदालाही येईल.

झाडं उत्तम नाहीत. एक्केचाळीस नाहीत. तुझं झाड मेलं. १७९४ च्या मे महिन्यात मेलं, आणि ते मी मारलं. गेली सात वर्षं मी तुला खोटं लिहीत आलो.

आता सगळं सांगतो. त्या वर्षी संत, रविवार, सण सगळं बंद होतं. दहा दिवसांचा आठवडा, दहाव्या दिवशी सुट्टी, आणि दर दिवसाला भाजीचं, फुलाचं नाहीतर अवजाराचं नाव. फुल्जाँसने बैठकीत जाहीर केलं की नारिंगाची झाडं आता जनतेची आहेत, येत्या दहाव्या दिवशी जनतेच्या सणाला ती अंगणात मांडायची. त्या दिवसाचं नाव होतं खुरपं. जुन्या हिशोबाने मेची नऊ तारीख.

मी उभा राहिलो. म्हणालो, "पाच-सहा दिवस थांबलं तर बरं."

"का रे, नागरिक सिल्व्हँ?"

"थंडी येईल."

"आता? अंगावर सदरा ठेववत नाही इतकं ऊन आहे. कोण म्हणतं थंडी येईल?"

कोण म्हणतं! तूरहून आलेला एक अंमलदार कोपऱ्यात लेखणी घेऊन बसला होता. चार दिवसांपूर्वी चर्चच्या घंटावाल्याला, तोंडातून 'रविवार' निघालं म्हणून, धरून नेलं होतं. माझ्या जिभेच्या टोकावर तीन नावं होती. मामेर, पाँक्रास, सर्व्हे. फुल्जाँसलाही ती ठाऊक होती. त्याच्या आजोबाचा द्राक्षमळा होता. तिथल्या चाळीसही माणसांना ती आईच्या दुधाबरोबर मिळालेली. सगळे खाली मान घालून होते, पेरीन, आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून माझ्या तोंडाकडे पाहत होते. पुन्हा चाळीस माणसं. पुन्हा मी.

मी म्हणालो, "कोणी नाही म्हणत."

आणि खाली बसलो.

इथे मी लिहिलं होतं की तू परदेशात होतीस, माझ्यावर आधीच नजर होती, म्हणून गप्प बसलो. ते खोडलं. तू माझ्या चुलीपाशी असतीस तरी मी गप्पच बसलो असतो. भ्यालो. एवढंच आहे ते.

पेट्या मी स्वतः उचलायला लावल्या. खुरप्याच्या दिवशी मुलं झाडांभोवती नाचली, गाणी झाली. दोन दिवस ऊन होतं, माझ्या मनात आलं, संतांनाही बंदी लागू झाली असेल. बारा तारखेला सकाळी गवत पायाखाली काचेसारखं मोडत होतं. तेराला त्याहून वाईट. पानं उकडल्यासारखी लोंबत होती, साली उभ्या फाटल्या होत्या. फुल्जाँस धावत आला. टोपी काढली, आणि अख्ख्या वर्षात पहिल्यांदा मला अहो म्हणाला. "सिल्व्हँकाका, तुम्ही बोलायला हवं होतं."

"तुलाही ठाऊक होतं की."

"होतं. पण माळी तुम्ही."

तीन झाडं वाचली, भिंतीलगतची. अडतीस मी करवतीने कापली, एकेक करून, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. तुझं शेवटी. कलमाच्या सांध्याखालची खोडाची चार बोटं ठेवली. का ठेवली ते सांगता येत नाही. जूनमध्ये त्या बुंध्यातून एक कोंब आला. गोड काडी तर मेली होती, हा खालच्या आंबट खुंटाचा फुटवा. असे अकरा पेट्यांत आले. मी ते वाढवले. आता तुझा खांद्याएवढा झाला आहे. फुलतो, फळतो, फळ कडू, तोंडात धरवत नाही. बारा वगैरे काही नव्हती, तो आकडा मी मनाने घातला. पेटीवर पाटी तुझ्याच नावाची आहे. ती काढायचा धीर झाला नाही. तुला पाठवलेली सगळी पानं या खुंटाची आहेत.

पुष्कळदा खरं लिहायला बसलो. मग वाटायचं, पोरगी परक्या देशात आहे, घर गेलं, निदान झाड आहे असं तरी तिला वाटू दे. हेही अर्धंच खरं. तुला कळलं असतं की मी दुसऱ्यांदाही तसाच बसलो, याची लाज होती.

तू म्हणाली होतीस, तोंड उघडाल त्या दिवशी परत येईन. हे उघडलं. त्याने एकही झाड परत येणार नाही, आणि पाद्रीबाबाही. तू येऊ नयेस असं तुला वाटलं तर तो तुझा हक्क आहे. पण मादामना इतक्या लांबून त्यांच्या मुलाच्या झाडाखाली बसायला आणू नकोस. ते झाड नाही.

या वेळी पान ठेवलेलं नाही.

तुझा बाप,
सिल्व्हँ गोदेल

∗

हाम्बुर्ग, ११ नोव्हेंबर १८०२
संत मार्तँचा दिवस

बाबा,

मला माहीत होतं.

तुमचं पहिलं पान आलं त्याच दिवशी कळलं. घडीतून पडलं ते मांडीवर, मी न पाहताच उचललं, आणि बोटांना देठ लागला. गोड झाडाच्या देठाला पंख, म्हणजे कडेची पातळ पट्टी, असतो तो जेमतेम रेघेएवढा. याला चांगला बोटभर रुंद होता, आंबट खुंटाला असतो तसा. डोळे बांधून तुम्हीच शिकवलं होतंत, आणि तुम्हीच विसरलात! झाड मेलं आहे, खुंट जगला आहे, आणि बाबा खोटं बोलत आहेत, हे सगळं मला त्या एका देठावरून कळलं. मी रडले. मग भयंकर राग आला. इतका की पुढचं पत्र लिहायला दीड वर्ष लागलं.

मादामना मी लगेच सांगितलं. म्हणाल्या, "तो सांगेल. त्याला वेळ लागतो. सूपसुद्धा तो सावकाश पितो." त्यांचं पुस्तक पुरं झालं आहे, बाबा. राजाची खोली, कबुतरं, बार्बची चादर, सगळं आहे. फक्त नारिंगघराची दोन पानं त्यांनी कोरी ठेवली आहेत. तुमचं पत्र मी त्यांना काल वाचून दाखवलं आणि त्यांनी लेखणी मागितली.

पानं मादामनी कधीच मागितली नव्हती. मी मागत होते. दर पत्रातलं पान आधीच्यापेक्षा मोठं असायचं, त्यावरून कळायचं की खुंट वाढतो आहे आणि त्याला पाणी घालणारा माणूस उभा आहे. सगळी पानं माझ्या प्रार्थनेच्या पुस्तकात आहेत. दर वेळी वाटायचं, या पानाबरोबर तरी खरं येईल.

आता माझं एक ऐका. अकरा वर्षं मी तुम्हाला दोष देत आले. पाद्रीबाबांना काढलं त्या दिवशी चर्चमध्ये मीही होते. बायकांच्या बाजूला, तिसऱ्या बाकावर. वीस वर्षांची होते, मला तोंड होतं. मीसुद्धा तुमच्याच तोंडाकडे पाहत बसले होते. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, मादामनाही नाही.

आम्ही येणार आहोत. त्या म्हणतात, झाड आंबट असलं तरी सावली गोडच असते, आणि कडू नारिंगाचा मुरांबा त्यांना सवयीचा झाला आहे. तुम्ही नवं कलम बांधू नका. जे उगवलं आहे त्यालाच माझं नाव राहू दे. कातडीवाल्याला सांगून आमच्यासाठी तुमच्या घरात एक खोली मिळाली तर पुरे. जेवण तरी गरम मिळेल.

चौदा मेला सकाळी पोहोचू असं धरलं आहे. किल्ली मी फिरवेन. रस्त्यात उशीर झाला तर थांबा, पण लवकर आलो तरी सर्व्हे उलटल्याशिवाय एकही पेटी बाहेर काढू नका. ऊन कितीही पडू दे. आणि का म्हणून कुणी विचारलं, तर तिन्ही नावं मोठ्याने सांगा.

तुमची,
पेरीन